नव्या घराचा वाटा

महाराष्ट्राच्या जुन्या गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. वंशपरंपरेने जमिनीवर हक्क सांगणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन ठरावीक बोलीवर जमीन कसणारा तो उपरी. मिरासदाराचे हक्क आणि त्याच्यावरचे बोजे रूढीने बांधलेले होते. उपऱ्याचे देणे-घेणे मात्र त्या त्या वेळच्या करारावर अवलंबून राही. आधुनिक शहराने हे दोन्ही शब्द टाकून दिले आहेत, तथापि त्यांच्या मागचा प्रश्न त्याला टाकता आलेला नाही. शहराच्या कडेला नवी वस्ती उभी राहते. तिला पाणी हवे असते, मैलापाणी वाहून नेणारे गटार हवे असते, विजेची तार हवी असते. धरण, जलवाहिन्या आणि शुद्धीकरणाची केंद्रे आधीच्या रहिवाशांनी उभारलेली असतात. या व्यवस्थेत नवे घर सामील होताना त्याने काय द्यावे? दारासमोरच्या नळीपुरते पैसे द्यावेत, की दूरच्या धरणाचाही हिस्सा भरावा? जोडणी-शुल्काचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

या इतिहासाचा एक जुना टप्पा लंडन शहरात सापडतो. सर ह्यू मिडल्टन याने हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी कालव्याने लंडनच्या वेशीपर्यंत आणले, ते २९ सप्टेंबर १६१३ रोजी. काम अर्ध्यावर आले असता भांडवल अपुरे पडले, तेव्हा खुद्द राजा पहिला जेम्स निम्म्या खर्चाचा व निम्म्या नफ्याचा भागीदार झाला. १६१९ मध्ये ‘न्यू रिव्हर कंपनी’ला सनद मिळाली. रस्त्याखालून एल्म वृक्षाची पोकळ खोडे जोडून मोठ्या वाहिन्या टाकल्या जात, आणि त्यांतून शिशाची एक बारीक नळी घरात घेतली जाई. मोठा कालवा व रस्त्याखालची वाहिनी ही कंपनीची. घरात येणाऱ्या नळीची जबाबदारी घरवाल्याची. आणि यांखेरीज दर तिमाहीस पाण्याचे भाडे. नळी कोणाच्या घराची हे डोळ्यांना दिसत होते, म्हणून तिचा खर्च त्या घरावर पडला. कालवा सर्वांचा होता, म्हणून त्याचा खर्च भाड्यातून सर्वांवर पसरला. ही विभागणी इतकी स्वाभाविक होती की पुढील दोन-अडीच शतके बहुतेक शहरे थोड्याफार फरकाने तिच्यावरच चालली.

एकोणिसाव्या शतकात पाणीपुरवठा हा कंपन्यांच्या हातून हळूहळू नगरसंस्थांच्या हाती आला, आणि कामांचे आकारमानही पालटले. न्यूयॉर्क शहराने क्रोटन नदीचे पाणी सुमारे ४१ मैलांच्या बांधीव कालव्याने १८४२ साली आणले. मुंबईत १८५६ साली मिठी नदीवर विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये शहराला त्याचे पाणी मिळू लागले. अशी कामे थोडी थोडी करता येत नाहीत. शहर दहा घरांनी वाढले म्हणून धरण दहा घरांपुरते उंच करता येत नाही. ते पुढील वीस-तीस वर्षांच्या वाढीचा अंदाज घेऊनच बांधावे लागते. त्यासाठी कर्ज काढावे लागते, आणि ते पाणीपट्टीतून वा घरपट्टीतून वर्षानुवर्षे फिटत राहते. या व्यवस्थेत एक प्रकारचा न्याय होता. आज जन्मलेले मूल आणि उद्या येणारा पाहुणा हे दोघेही पाणी पितील, तेव्हा दोघांनीही हप्ता भरावा. नव्या घराला वेगळे प्रवेशमूल्य विचारण्याचे कारणच पडत नसे.

परंतु या न्यायाला एक अडचण होती. शहराला सर्वांत जवळचे व स्वस्त पाणी आधी घेतले जाते. दूरचे व महाग पाणी मागाहून. मुंबईचेच उदाहरण घेतले तर विहार आणि १८७९ सालचा तुळशी हे तलाव साष्टी बेटावरच आहेत. १८९२ च्या तानशासाठी मात्र बेट ओलांडून मुख्य भूमीवर जावे लागले; आणि विसाव्या शतकाच्या मध्यास वैतरणेवरील धरण बांधावे लागले, त्या जलाशयास पुढे अभियंते मोडक यांचे नाव मिळाले. प्रत्येक नवे पाणी आधीच्या पाण्याहून लांबचे. सर्वांचा दर एकच ठेवला, तर नव्या वस्तीसाठी आणलेल्या महाग पाण्याचा भार जुन्या वस्तीवरही पडतो. जुना रहिवासी मग विचारू लागतो, “माझे पाणी तर पूर्वीच आले होते, ही वाढ माझ्या माथी का?” आणि नवा रहिवासी उत्तर देतो, “तुमच्या घरासाठी पूर्वी कोणी प्रवेशमूल्य मागितले होते काय?” दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे झपाट्याने वाढू लागली, तेव्हा हा वाद चव्हाट्यावर आला. फ्लॉरिडा राज्याची लोकसंख्या १९५० साली सुमारे २७ लाख ७१ हजार होती, ती १९७० साली सुमारे ६७ लाख ८९ हजारांवर गेली. त्या राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर पिनेलस परगण्यात डनेडिन नावाचे छोटे शहर आहे. नवी घरे इतक्या वेगाने येऊ लागली की जलकेंद्र व मैलापाण्याचे केंद्र वाढविणे भाग पडले. नगरसभेने ठराव केला की, प्रत्येक नव्या घराने जोडणी घेताना नळी व मीटर यांच्या खर्चाखेरीज एक जादा रक्कम भरावी. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे की, नाव शुल्काचे असले तरी हा वस्तुतः कर आहे, आणि असा कर बसविण्याचा अधिकार नगरसंस्थेला नाही. खालच्या न्यायालयात बांधकाम व्यावसायिक जिंकले, अपिलात शहर जिंकले, आणि १९७६ साली फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला.

त्या निकालात दोन गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही एकत्र पाहिल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही. पहिली अशी की, नव्या घरांमुळे जेवढी वाढ करावी लागते तेवढ्या वाढीचा प्रमाणशीर हिस्सा त्यांच्याकडून घेणे न्याय्य आहे, मात्र त्याहून अधिक नाही. दुसरी अशी की, असा पैसा केवळ त्या वाढीसाठीच खर्च झाला पाहिजे, आणि हे बंधन शहराच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. डनेडिनच्या ठरावात ते बंधन नव्हते. म्हणून न्यायालयाने तत्त्व मान्य केले आणि ठराव रद्द केला. शहराला पैसे मागण्याचा अधिकार होता. पण मागितलेल्या पैशाचे काय करणार, हे लिहून देण्याची त्याची जबाबदारी त्याने पार पाडली नव्हती.

भारतीय विधिविचारालाही हा भेद अपरिचित नाही. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांची सीमारेषा आखली. मद्रास सरकार धर्मसंस्थांकडून घेत असलेली रक्कम सेवेच्या मोबदल्याशी जोडलेली नव्हती आणि ती राज्याच्या सर्वसाधारण निधीत जमा होत होती. तेव्हा ते शुल्क नव्हे, तो करच, असे न्यायालयाने ठरविले. मठ आणि नळ यांत अंतर पुष्कळ. परंतु पैसा ज्या कारणासाठी घेतला त्याच कारणाशी बांधलेला असावा, ही कसोटी दोन्हीकडे एकच आहे.

तत्त्व ठरले तरी आकडा ठरत नाही. त्यासाठी हिशेबाच्या दोन रीती प्रचारात आल्या. एका काल्पनिक शहराचे उदाहरण घेतल्यास त्या सहज उलगडतील. समजा, एका शहराचे जलकेंद्र १०,००० घरांना पुरेल एवढे आहे, त्याची किंमत ५ कोटी रुपये आहे आणि आज तेथे ८,००० घरे आहेत. येणाऱ्या घरासाठी केंद्रात जागा शिल्लक आहे. तेव्हा त्याने त्या जागेची किंमत, म्हणजे ५,००० रुपये, देऊन भागीदार व्हावे. ही पहिली रीत. केंद्र भरून गेले असेल आणि आणखी ५,००० घरांसाठी ६ कोटींचे नवे केंद्र बांधावे लागणार असेल, तर नव्या घराचा वाटा १२,००० रुपये होतो. ही दुसरी रीत. पहिलीत नवागत मागच्या खर्चात वाटा उचलतो, दुसरीत पुढच्या.

येथे एक बारीक खाच आहे. पहिल्या उदाहरणातील ५ कोटींपैकी २ कोटींचे कर्ज अद्याप फिटावयाचे असेल, तर ते दरमहाच्या पाणीपट्टीतून सर्व घरे फेडणार, आणि त्यांत नवे घरही आले. दर घरामागे ही रक्कम २,००० रुपये होते. नव्या घराने आधी ५,००० भरले आणि मागाहून कर्जाचे हप्तेही भरले, तर तेच दोन हजार त्याने दोनदा दिले. म्हणून त्याचे न्याय्य प्रवेशमूल्य ३,००० रुपयेच ठरते. १९८१ साली यूटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ जॉर्डन शहराच्या खटल्यात अशाच बाबींची यादी घालून दिली: असलेल्या सोयींना खर्च किती आला, तो कोणत्या मार्गाने उभारला, नव्या जमिनीच्या धन्याने करांच्या रूपाने पूर्वी किती दिले, पुढे तो किती देणार, त्याने स्वतः काही सोयी बांधून दिल्या काय, त्या विशिष्ट जागेला सेवा देण्यास काही असाधारण खर्च येतो काय, आणि निरनिराळ्या काळी दिलेल्या रकमांच्या मोलात किती फरक पडतो. सात प्रश्नांची ही यादी वरवर रूक्ष दिसते. पण जुना आणि नवा यांना एकाच तराजूत तोलण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे.

एका घराचा वाटा ठरला, तरी सर्व इमारती सारख्या नसतात. म्हणून पुष्कळ अमेरिकन शहरे मीटरच्या आकारावरून हिशेब करतात. पाच अष्टमांश इंची मीटरमधून मिनिटाला २० गॅलन पाणी घेता येते, एक इंचीमधून ५० आणि दोन इंचीमधून १६०. तेव्हा पहिल्याचा वाटा एक धरला तर दुसऱ्याचा अडीच आणि तिसऱ्याचा आठ होतो. ही रीत सोपी खरी, परंतु तिच्यात दोष आहे. दोन खोल्यांचे घरकुल आणि बागबगीच्याचा बंगला यांना एकाच आकाराचा मीटर असेल, तर दोघांनाही एकच रक्कम पडते. हिशेबाच्या सोयीची किंमत अशा वेळी लहान घर मोजते.

जुन्या-नव्याच्या या हिशेबात राजकारण कसे शिरते, हे कॅलिफोर्नियात दिसून आले. १९७८ साली तेथील मतदारांनी ‘तेरावा प्रस्ताव’ संमत केला. मालमत्ता-कर करमूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला, आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत तिचे करमूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये असे ठरले. जुना मालक जुन्या मूल्यावर कर भरीत राहिला. नवा मालक बाजारभावावर भरू लागला. घरपट्टीचा मार्ग असा अरुंद झाल्यावर नगरसंस्थांचे लक्ष नव्या बांधकामावरील शुल्काकडे वळले. तेव्हा कायद्याला आवर घालावा लागला. पाणी व मैलापाण्याचे जोडणी-शुल्क सेवा पुरविण्याच्या अंदाजित वाजवी खर्चाहून अधिक असू नये. अधिक घ्यावयाचे तर दोन-तृतीयांश मतदारांची संमती हवी, असा नियम झाला. पण मतदार कोण? जे आधीच तेथे राहतात ते. जो अद्याप आलेलाच नाही, त्याला मत नसते. नवागतावर बोजा टाकणे राज्यकर्त्यांस सोपे जाते, त्याचे कारण हेच. मिरासदारीचा हा आधुनिक अवतार म्हणावयास हरकत नाही.

भारतात विजेच्या क्षेत्रात हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला गेला. १९१० च्या भारतीय वीज कायद्याने एक साधा नियम घातला होता. वितरण-वाहिनीपासून शंभर फुटांपर्यंतची तार पुरवठादाराने आपल्या खर्चाने आणावी. त्यापुढील अंतराचा आणि ग्राहकाच्या स्वतःच्या आवारातील तारेचा खर्च ग्राहकाने द्यावा. फूटपट्टीने मोजता येणारा तो न्याय होता. २००३ च्या नव्या वीज कायद्याने असे आकार ठरविण्याचे काम राज्यांच्या नियामक आयोगांकडे दिले. महाराष्ट्रात राज्य वीज वितरण कंपनीने नव्या ग्राहकांकडून वाहिनी-आकार घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सप्टेंबर २००६ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने तो फेटाळला. ज्याला स्वतंत्र व समर्पित सुविधा हवी त्याने तिचा खर्च द्यावा. परंतु सर्वांच्या उपयोगाचे जाळे वाढविणे हे कंपनीचे कर्तव्य, आणि त्याचा भार वीजदरातून सर्व ग्राहकांवर पडावा, असा त्या आदेशाचा आशय होता.

डनेडिनच्या निकालाने वाढीचा खर्च वाढीवर टाकला. महाराष्ट्राच्या आयोगाने तो सर्वांवर पसरविला. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच आग्रह दिसतो: एकाच कामाचे पैसे एकाच माणसाकडून दोनदा घेतले जाऊ नयेत, आणि घेतलेल्या पैशाचा माग लागावा. ज्या शहराची वाढ मुख्यतः श्रीमंतांच्या बंगल्यांनी होते, त्याने वाढीचा भार वाढीवर टाकणे समंजसपणाचे ठरेल. जेथे नवा येणारा बहुधा पोटासाठी आलेला असतो, तेथे दारातच मोठी रक्कम मागितली तर तो अधिकृत नळापासूनच दूर राहील, आणि मग त्याला मिळेल तेथून, मिळेल त्या भावाने पाणी घ्यावे लागेल. कोणता मार्ग पत्करावा हे शहराची परिस्थिती ठरवील. पण हिशेब उघडा मांडण्यापासून कोणत्याही शहराला सूट नाही.

कारण जोडणीची पावती हा नवागत आणि नगर यांच्यातील पहिला करार असतो. त्या कागदावर लिहिलेल्या आकड्याचा अर्थ त्याला समजावून सांगता आला, तर तो त्या दिवसापासून शहराचा भागीदार होतो. सांगता आला नाही, तर नळाला पाणी येऊनही तो उपराच राहतो. आणि आज ज्यांना मिरासदार म्हणावे अशा रहिवाशांपैकी बहुतेकांचे पूर्वज कधीकाळी अशाच एखाद्या वेशीतून बोचके घेऊन आत आले होते, ही गोष्ट नगरसभेच्या खर्डेवहीत कोठेही नोंदलेली नसली तरी हिशेबात धरावी लागते.