वंशावळीसाठी संकेतस्थळांवरील नोंदी उतरवून घेणे (नांदूरघाट, जि. बीड)

जमीन, जात, शाळा, तीर्थयात्रा यांविषयीच्या ज्या नोंदी संकेतस्थळांवर पाहायला मिळतात, त्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ पानाच्या प्रतीसह आणि ठावठिकाण्यासह जतन करण्याची रीत. केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव येथे उदाहरणादाखल घेतले आहे. मराठवाड्यातील अशा गावात एकाच घराण्याचे कागद अनेक राजवटींचे असतात आणि उर्दू, मोडी, देवनागरी अशा तीन लिप्यांत विखुरलेले असतात.

हा प्रदेश 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पोलीस कारवाईनंतर तो हैदराबाद राज्यात राहिला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. येथे वंशावळ मांडण्याची गरज हौसेपेक्षा कचेरीच्या कामातून अधिक निर्माण होते. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. पुरावाही मानीव दिनांकापूर्वीचा लागतो : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967.

सप्टेंबर 2023मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर मराठवाड्यात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना 14, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे अशा कागदांतील कुणबी नोंदींचा शोध झाला आणि त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांवर येऊ लागल्या. शोध एका जातीच्या नोंदींचा असला, तरी या पानांचे मोल तेवढ्यापुरते नाही. गाववार रजिस्टराच्या एका पानावर शेजारपाजारच्या घरांचीही नावे येतात. म्हणून आपल्या आजोबांची ओळ कापून न घेता पूर्ण पान जपावे.

नोंद घेण्याचे मार्ग दोन. पहिल्यात सॉफ्टवेअरच पुढाकार घेते. ‘फॅमिली ट्री मेकर’मध्ये पानावरचा मजकूर किंवा चित्र निवडून थेट व्यक्तीच्या रकान्यात टाकता येते, ‘मायहेरिटेज’ जुळणाऱ्या नोंदींच्या सूचना देते. ही सोय मुख्यतः युरोप-अमेरिकेतील जनगणना आणि चर्चच्या नोंदींवर उभी आहे. नांदूरघाटच्या फेरफारापर्यंत ती पोचत नाही. तेथे दुसरा मार्ग घ्यावा लागतो : पान उतरवून घ्यायचे, वाचायचे आणि ‘ग्रॅम्प्स’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरायचे. काम संथ आहे, पण मराठवाड्याच्या कागदांसाठी तेच भरवशाचे.

भूलेख संकेतस्थळावरील सातबारा घेताना नुसता पानाचा पत्ता साठवून उपयोग होत नाही. पान मागणीनुसार तयार होते आणि तोच पत्ता पुन्हा उघडला तर उतारा मिळेलच असे नाही. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक आणि पान पाहिल्याचा दिनांक या गोष्टी उगमाच्या टिपणात लिहाव्या लागतात. खरा ऐवज फेरफारात असतो. वारसाच्या फेरफारात मयत खातेदार, मृत्यूचा दिनांक, वारसांची नावे आणि नाती एकत्र मिळतात. घरच्या वंशावळीत मुलगेच तेवढे उतरलेले असतात. लेकी आणि विधवा या कागदात सापडतात. कधी पुढच्याच फेरफारात लेकीचे हक्कसोडपत्रही असते आणि त्यातून तिचे सासरचे नाव व गाव कळते. घराण्याच्या इतिहासातून गळालेल्या बायका परत मिळवण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

अशा फेरफारात ‘किसन वल्द रामा मयत, वारस गंगाबाई भ्र. किसन’ असे लिहिलेले असेल, तर एका ओळीतून तीन माणसे उभी राहतात : रामा, त्याचा मुलगा किसन आणि किसनची पत्नी गंगाबाई. आडनाव नसेल तर तो रकाना रिकामा ठेवावा. आजचे आडनाव मागे नेऊन चिकटवू नये. ‘ग्रॅम्प्स’मध्ये वडिलांच्या नावासाठी पितृनाम हा वेगळा प्रकार निवडता येतो. फेरफार मंजुरीचा दिनांक म्हणजे मृत्यूचा दिनांक नव्हे. दोहोंत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. मूळ वाचन एका टिपणात जसेच्या तसे ठेवावे आणि आपला निष्कर्ष दुसऱ्यात. पुढे त्याच गावात दुसरा किसन निघाला, तर नेमके काय सुधारायचे ते कळते.

निजामकाळातील कागदांवर फसली सन येतो. त्यात 590 मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो मिळतो. फसली 1344 म्हणजे 1934-35. ‘ग्रॅम्प्स’मध्ये इस्लामी आणि पर्शियन कालगणना आहेत, फसली नाही. त्यामुळे मूळ आकडा मजकूर म्हणून लिहून इसवी सन वेगळा द्यावा. गावाचे नावही नांदूरघाट, नांदुरघाट, नांदूर घाट असे वेगवेगळे लिहिलेले आढळते. जुन्या इंग्रजी कागदांत जिल्हा ‘भीर’ होतो आणि अंबाजोगाईचे त्या काळचे नाव मोमिनाबाद आहे. स्थळाची नोंद एकच करून ही सर्व रूपे तिच्याखाली द्यावीत आणि राज्य बदलल्याचे दिनांक जोडावेत.

उतरवलेली अक्षरे टिकतील याचीही काळजी घ्यावी लागते. शासकीय पीडीएफ अनेकदा निव्वळ छायाप्रत असते, किंवा तिचा फाँट युनिकोडपूर्व असतो. मजकूर चिकटवला की काना-मात्रा विस्कटतात. तेथे हाताने टंकलेखन करणेच बरे. मोडी आणि उर्दू पाने जाणकाराकडून वाचून घेऊन वाचकाचे नाव टिपणात लिहावे. वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे ‘जेडकॉम’ हे स्वरूप 1984मध्ये आले, 2021च्या 7.0 आवृत्तीत युनिकोडचे यूटीएफ-8 हे रूप बंधनकारक झाले आणि कागदांची चित्रे एकाच फाइलीत सोबत पाठवता येऊ लागली. जुन्या आवृत्तीत निर्यात केल्यास देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येण्याची भीती असते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक साठा. युटाच्या वंशशास्त्र संस्थेने 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हरिद्वार व इतर तीर्थांच्या वह्यांचे सूक्ष्मपट केले आणि ते ‘फॅमिलीसर्च’वर आले. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांकडील नोंदींसाठी मात्र गाव आणि आडनाव घेऊन प्रत्यक्ष जाणे अधिक फलदायी ठरते.

मतदार याद्या आणि सातबारे यांत हयात माणसांचे तपशील असतात. त्यांच्या नोंदींवर सॉफ्टवेअरमधील खासगीपणाची खूण करावी आणि वंशावळ नातेवाइकांच्या गटात पाठवताना हयातांचे जन्मदिनांक, पत्ते आणि गट क्रमांक वगळूनच निर्यात करावी.