नगर खाणारे कारभारी

थायलंडचा नकाशा समोर घेतला, तर दक्षिणेकडे हत्तीच्या सोंडेसारखी एक चिंचोळी पट्टी लोंबताना दिसते. या पट्टीच्या सर्वांत अरुंद जागी, क्राच्या संयोगभूमीवर, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचं अंतर जेमतेम ४४ किलोमीटर आहे. तिथं पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या काठी, रनाँग नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,३०० चौरस किलोमीटर, तालुके पाच, वस्ती दोन लाखांच्या आत. पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे. 'आठ महिने पाऊस, चार महिने ऊन' असं तिथले लोक स्वतःच म्हणतात.

हा एवढासा प्रांत मी आज निवडला तो एका शब्दासाठी. 'किन म्यूअंग'. 'किन' म्हणजे खाणं आणि 'म्यूअंग' म्हणजे नगर, त्याच्या भोवतालच्या मुलखासकट. नगर खाणं! सरकारी माणसानं 'खाल्लं' म्हटल्यावर आपल्याला जे आठवायचं ते आठवतंच. पण जुन्या सयाममध्ये या शब्दात लाजण्यासारखं काही नव्हतं. प्रांताच्या अधिपतीला पगार नसे. राजाचा वाटा बँकॉकला पोचवायचा आणि उरेल त्यात आपलं घर, आपले शिपाई, आपला थाट सांभाळायचा. सरळ सरळ मक्ताच तो.

रनाँगमध्ये खाण्याजोगं काय होतं? जंगल, चिखल आणि कथील. या कथलासाठीच खॉ सू चिआंग नावाचा एक चिनी माणूस इथं आला. फूक्येन प्रांतातून तो पेनांगला उतरला तेव्हा गाठीला काही नव्हतं. हळूहळू व्यापारात जम बसला आणि १८४४ मध्ये रनाँगच्या कथलावरचा कर गोळा करण्याचा मक्ता त्याला मिळाला. दहा वर्षांनी, १८५४ मध्ये, राजानं त्याला रनाँगचा अधिपतीच करून टाकलं. कर गोळा करणारा, खाणी चालवणारा आणि न्याय देणारा, सगळं एकच घराणं! खाणीतले मजूरही चिनी. मजुरी हातात पडायची ती अफू, दारू आणि जुगारात जायची, आणि त्यांचेही मक्ते असत. पैसा फिरून मक्तेदाराच्या पेटीत परत. १८७६ मध्ये हे मजूर भडकले, दंगल झाली. घराणं मात्र टिकलं. सू चिआंगनंतर मुलगा आणि मग नातूही त्या गादीवर बसला.

बँकॉकनं हे का चालू दिलं? कारण नदीपलीकडे इंग्रज होता. १८२६ मध्ये तेनासरीमचा किनारा इंग्रजांनी घेतला, आणि १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता. म्हणजे रनाँगची सीमा चक्क ब्रिटिश हिंदुस्थानला भिडलेली होती. अशा जागी हुकमातला, पैसेवाला माणूस असणं बँकॉकच्या सोयीचं होतं.

१८७२ मध्ये अठरा वर्षांचा राजा चुलालाँगकॉर्न हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. कलकत्ता, दिल्ली पाहून तो आपल्या मुंबईलाही आला होता. इंग्रजी कारभार त्यानं जवळून पाहिला. पुढे १८९२ मध्ये राजपुत्र दामराँग अंतर्गत कारभाराचा मंत्री झाला आणि नगर खाण्याची रीत मोडायला सुरुवात झाली. प्रांतांचे गट पाडून त्यांवर पगारी आयुक्त नेमले गेले.

आणि इथं मला इतिहासाची मोठी गंमत वाटते. फुकेत गटाचा आयुक्त म्हणून राजानं नेमला तो याच घराण्यातला धाकटा मुलगा, खॉ सिम बी. मक्तेदाराच्या पोरानंच मक्तेदारी मोडायची! त्राँग प्रांतात रबराची लागवड रुजवली ती यानंच. १९१३ मध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि तो त्यातून वाचला नाही. घराण्याला पुढे 'ना रनाँग', म्हणजे 'रनाँगचे', हे आडनाव मिळालं. प्रांत हातचा गेला, नाव तेवढं राहिलं.

आज रनाँगचा राज्यपाल म्हणजे अंतर्गत मंत्रालयाचा बदलीवरचा अधिकारी. लोक त्याला निवडत नाहीत. थायलंडमध्ये थेट निवडलेला राज्यपाल फक्त बँकॉकला आहे. निवडून येतात ते प्रांतिक मंडळाचे अध्यक्ष आणि नगरपालिकावाले.

कथील सरलं. आता मासळी आणि बंदर आहे. राबायला माणसं अजून बाहेरूनच येतात, पूर्वी चीनमधून, आता समोरच्या म्यानमारमधून. एप्रिल २००८ मध्ये असे १२१ जण मासळीच्या बंद ट्रकमध्ये उभे करून फुकेतकडे निघाले. आतली हवा बंद पडली. रनाँगच्या रस्त्यावर दार उघडलं तेव्हा ५४ जण गुदमरून मेले होते. त्यांची नावं कोणत्याही मतदार यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

२०२३ पासून बँकॉकच्या सरकारनं एक प्रचंड योजना पुढे रेटली: रनाँगला एक खोल बंदर, पूर्वेला चुंफॉनला दुसरं, आणि मधे सुमारे ९० किलोमीटर रेल्वे आणि महामार्ग. अंदाज एक लाख कोटी बाथचा. खारफुटीचं आणि मच्छीमारांचं काय, हा प्रश्न तिथले लोक विचारत आले आहेत. थायलंडच्या प्रतिनिधिगृहात ५०० सभासद बसतात. त्यांत रनाँगची जागा एक.