कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा जोडा

आपल्याकडे जोडे दाराबाहेर काढून घरात यायची पद्धत. कॅमेऱ्याच्या जगात मात्र जोड्याची जागा थेट डोक्यावर! फ्लॅश सरकवून बसवायच्या खाचेला इंग्रजीत ‘शू’ म्हणतात, आणि तिच्यातून विजेची जोडणी होत असेल तर ‘हॉट शू’. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात फोटो काढायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. दर वर्षी कोणीतरी हमखास विचारतं, “बाबांचा जुना फ्लॅश कपाटात पडलाय, माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का?” या प्रश्नामागचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास मोठा रंजक आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात झाली ती अक्षरशः दारूकामाने. 1887 साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी वापरून फ्लॅश पावडर तयार झाली. ती बातमी वाचली न्यूयॉर्कमधल्या जेकब रीस या पत्रकाराने. स्वतः डेन्मार्कहून आलेला हा स्थलांतरित. मॅनहॅटनच्या अंधाऱ्या चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचे फोटो त्याने या पावडरच्या उजेडात काढले आणि 1890 साली पुस्तकरूपाने लोकांसमोर ठेवले. त्या खटाटोपात आगी लागल्याचं त्याने स्वतःच नमूद केलं आहे. पण शहराने डोळ्यांआड केलेलं वास्तव उजेडात आलं, ते असं.

1930च्या सुमारास अमेरिकेत काचेचे फ्लॅशबल्ब आले आणि धूर संपला. इथे नवी अडचण उभी राहिली. बल्ब पूर्ण उजळायला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. शटर नेमकं तेव्हाच उघडं हवं. कॅमेऱ्याने फ्लॅशला “आता!” असं सांगायला हवं. त्यासाठी तारा आल्या, आणि 1938 साली न्यूयॉर्कच्या एका कंपनीने ‘युनिव्हेक्स मर्क्युरी’ हा कॅमेरा हॉट शूसकट बाजारात आणला. तारेशिवाय जोडणी झाली!

दरम्यान एमआयटीत नेब्रास्काचा हॅरॉल्ड एजर्टन 1931च्या सुमारास वेगळ्याच उद्योगात होता. फिरत्या मोटरींचा अभ्यास करण्यासाठी त्याने वायूभरल्या नळीतून विजेचा झटका सोडून क्षणिक प्रकाश मिळवला. दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी, हे त्याचे फोटो आपण सर्वांनी पाहिलेले असतात. आजचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश याच तत्त्वावर चालतात: कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि एका क्षणात नळीतून सोडायची.

आता आपल्याशी संबंधित साल: 1965. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आपल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींसाठी अमेरिकेचं दार उघडलं. त्याच वर्षी कोडॅकच्या इन्स्टामॅटिकसाठी चार बल्बांचा ‘फ्लॅशक्यूब’ आला. एक फोटो काढला की क्यूब पाव फेरा फिरायचा. चार बल्ब संपले की क्यूब कचऱ्यात. अशा हिशेबात फोटो जपून काढले जायचे. त्या काळच्या अल्बममध्ये समोरचे चेहरे पांढरेफटक आणि मागची खोली काळीकुट्ट दिसते, तो या थेट समोरून पडणाऱ्या उजेडाचा प्रताप.

पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश स्वस्त झाले. बाबांचा कपाटातला फ्लॅश बहुधा याच पिढीतला. तो आजच्या खाचेत बसतोही, कारण मापं प्रमाणित आहेत. गोम आहे व्होल्टेजमध्ये. फ्लॅश उडवायला कॅमेरा फक्त दोन टोकं क्षणभर जोडतो, दिव्याच्या बटणासारखी. जुन्या कॅमेऱ्यात ही टोकं धातूची होती. जुन्या फ्लॅशमधले 200 किंवा त्याहून जास्त व्होल्ट ती सहज सोसत. डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. काही कॅमेरे 250 व्होल्टपर्यंत सोसतात, तर काहींची मर्यादा अवघी 6 व्होल्ट असते. तेव्हा आधी आपल्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल पाहावं. मग फ्लॅश पूर्ण चार्ज करून मधला बिंदू आणि बाजूची पट्टी यांच्यातला डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर मध्ये व्होल्टेज कमी करणारा अडॅप्टर बसवावा. फ्लॅश उघडायच्या भानगडीत मात्र पडू नये. बॅटरी काढली तरी कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतो.

आणखी एक. आधुनिक फ्लॅश आणि कॅमेरा जास्तीच्या बिंदूंमधून आपसात बोलतात, किती उजेड हवा ते ठरवतात. ती भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. जुन्या फ्लॅशला फक्त “आता!” एवढंच कळतं. त्यामुळे कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, शटर 1/125 च्या आसपास आणि छिद्र फ्लॅशच्या पाठीवरच्या तक्त्याप्रमाणे. फ्लॅशची मान वळत असेल तर ती पांढऱ्या छताकडे करा (मग छिद्र थोडं जास्त उघडावं लागेल). आरतीच्या वेळी चेहऱ्यांवर मऊ उजेड पडेल, आणि मागे उभी असलेली आजीही या वेळी अंधारात राहणार नाही.