वसईच्या नावाचा वायू

कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उभं राहून पश्चिमेला पाहिलं, तर उभ्या माणसाच्या डोळ्यांना साधारण पाच किलोमीटरपर्यंतचाच समुद्र दिसतो. ज्या जागेबद्दल हा लेख आहे, ती त्याच्याही कितीतरी पलीकडे आहे. तिथे समुद्रात लोखंडी पायांवर प्लॅटफॉर्म उभे आहेत आणि त्यांच्या खालच्या चुनखडीत भारतातल्या सर्वांत मोठ्या वायूसाठ्यांपैकी एक आहे. त्याचं नाव बसीन. म्हणजे आपली वसईच.

या नावाला स्वतःचा इतिहास आहे. पोर्तुगीजांनी वसईचं ‘बसाईं’ केलं, इंग्रजांनी त्याचं ‘बसीन’. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर ‘बाजीपूर’ असंही एक नाव देऊन पाहिलं गेलं, पण ते टिकलं नाही. १८०२ च्या तहामुळे ‘बसीन’ इंग्रजी पुस्तकांत पक्कं झालं. पुढे गावाच्या पाटीवर वसई परत आली, तेलवाल्यांच्या नकाशावर मात्र बसीनच राहिलं.

ते एकटंही नाही. मुंबईसमोरच्या समुद्रतळाखाली खडकांचे जे थर आहेत, त्यांना भूवैज्ञानिकांनी दिलेली नावं वाचा: अलिबाग, पनवेल, रत्नागिरी, बांद्रा, चिंचणी. लोकलचा आणि कोकण रेल्वेचा नकाशा एकत्र गुंडाळून समुद्रात बुडवावा, तसं वाटतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. हा वायू आला कुठून?

कळंबच्या वाळूखाली काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून जे दख्खनचं पठार झालं, त्याचाच हा पश्चिमेकडचा भाग. लाव्हातून मिथेन तयार होत नाही. त्यासाठी मेलेली झाडं लागतात, त्यांच्यावर गाळाचं ओझं लागतं, उष्णता लागते आणि लाखो-कोटी वर्षांची सवड लागते. लाव्हा थंडावत असतानाच भारताच्या पश्चिमेचा एक तुकडा फाटून वेगळा झाला. आजची सेशेल्स बेटं त्याचाच भाग. या फाटाफुटीत किनाऱ्यासमोर लांबट खोलगट भाग तयार झाले. त्यांत नद्यांनी गाळ आणला, खाजणं झाली, दलदली झाल्या आणि दलदलीत जंगल वाढलं.

ते जंगल कसं होतं याची कल्पना सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत येते. तिथला कोळसा साधारण त्याच काळातला, पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात झाडांच्या डिंकाचे अंबर सापडले आणि त्या अंबरात अडकलेले किडे. २०१० मध्ये त्यांच्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. वस्तानला हा कोळसा खाणीत दिसतो. समुद्रात तसाच कोळसा आणि काळी शेल हजारो फूट खाली गाडली गेली. त्या थराचं नाव ‘पन्ना’. मुंबईसमोरच्या बहुतेक तेलावायूचा उगम भूवैज्ञानिक याच थरात मानतात.

इथे थोडं थांबून कोळशाकडे पाहायला हवं, कारण कोळसा वायू तयार करतो तसाच तो धरूनही ठेवतो. कोळशात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांच्या आतल्या भिंतींना मिथेनचे रेणू चिकटून बसतात. वर पाण्याचा दाब असेपर्यंत ते हलत नाहीत. कोळशाच्या बारीक चिरांमधलं पाणी उपसलं की दाब उतरतो, मग रेणू सुटतात आणि चिरांतून विहिरीकडे येतात. म्हणून कोल बेड मिथेनच्या विहिरीतून सुरुवातीला वायू कमी आणि पाणीच जास्त येतं. खाणकामगारांना हा वायू फार आधीपासून ठाऊक होता, पण शत्रू म्हणून. १९ फेब्रुवारी १९५८ ला राणीगंज पट्ट्यातल्या चिनाकुडी खाणीत स्फोट झाला आणि १७५ हून अधिक माणसं गेली. त्याच राणीगंज पट्ट्यात २००७ मध्ये हा वायू पहिल्यांदा विक्रीसाठी निघू लागला.

मग आपल्या चंद्रपूरचं काय? वर्धा खोऱ्यात कोळसा भरपूर आहे आणि तो पन्नापेक्षा कितीतरी जुना, गोंडवन काळातला आहे. पण वय म्हणजे पक्वता नव्हे. तो फार खोल गाडला गेला नाही, फार तापला नाही, म्हणून त्यात वायू कमी. महाराष्ट्रात कोळशातला वायू आजही व्यावसायिक पातळीवर निघत नाही. लहान वयाचा पन्ना मात्र खोल खड्ड्यांत, विशेषतः सुरतसमोरच्या खोलगटात, इतका दबला आणि तापला की त्यातला वायू कोळशाला धरून ठेवता येईना.

तो बाहेर पडला आणि वर सरकत गेला. वसई-विरारच्या लोकांना हे समजावून सांगायला नको: जन्म एकीकडे, बिऱ्हाड दुसरीकडे. बिऱ्हाडाची जागा होती बसीनची चुनखडी. दलदली बुडवून समुद्र आत आला होता आणि त्या उथळ, उबदार पाण्यात सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना साचला होता. पुढे पाणी ओसरलं, चुनखडी उघडी पडली आणि पावसाने तिला विरघळवून पोकळ्या केल्या. पुन्हा समुद्र चढला, वर चिकट शेल बसली आणि झाकण लागलं. पावसाची ती वर्षं नसती, तर बसीनला बिऱ्हाड करायला एवढी जागाच नसती.

माणसांचा इतिहास यापुढे अगदीच छोटा. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाज ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ने या समुद्राची भूकंपीय पाहणी केली. फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ला मुंबई हायवर तेल लागलं. बसीन १९७६ मध्ये सापडलं. मुंबई हायचं वर्तमानपत्रांत एवढं कौतुक झालं की बसीन झाकलंच गेलं. वायूला तेलाचा मान तेव्हा नव्हता.

बसीनचा वायू आंबट आहे, म्हणजे त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड आहे. त्यामुळे तो आधी शुद्ध करावा लागतो. मुंबई हायचा वायू उरणला उतरला, त्यावर थळचा खत कारखाना चालला. बसीनच्या वायूसाठी मात्र दोनशेहून अधिक किलोमीटरची नळी समुद्रतळावरून उत्तरेला नेली, थेट सुरतजवळ हजिऱ्याला. ती नळी पुढे न्यायला १९८४ मध्ये गेल ही कंपनी स्थापन झाली आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनी मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात पोचली. तिकडच्या खत कारखान्यांत युरिया झाला, तो गव्हा-उसाच्या शेतात गेला. देशाच्या हिशेबाने हे बरोबरच होतं. खत जिथे लागतं तिथे वायू न्यायचा. पण ज्या गावाचं नाव त्या साठ्याला दिलं, ते गाव या हिशेबात कुठेच आलं नाही.

आलं ते वेगळ्या रांगेत. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, उत्तनच्या बोटी ज्या पाण्यात जातात, त्याच पाण्यात हे प्लॅटफॉर्म आहेत. प्रत्येकाभोवती पाचशे मीटर मासेमारीला बंदी. प्लॅटफॉर्मच्या पायांशी मासे जमतात, हे तर प्रत्येक तांडेलाला माहीत असतं. भूकंपीय सर्वेक्षणाचं जहाज येतं तेव्हा मैलोगणिक लांब केबल मागे ओढत येतं आणि त्याच्या वाटेतली जाळी काढून घ्यावी लागतात, तीही ऐन हंगामात. मच्छीमार संस्था वर्षानुवर्षं भरपाई मागत आल्या आहेत. मागणीच्या अर्जात गावाचं नाव वसई असतं, आणि सर्वेक्षणाच्या नकाशात बसीन.