मर्क्युरी, फ्रेडी

मर्क्युरी, फ्रेडी : (५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१). ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा प्रमुख गायक, पियानोवादक आणि गीतकार-संगीतकार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पॉप व रॉक संगीतात रंगमंचावरचा दिमाख हा संगीतरचनेचाच एक भाग आहे, हे त्याच्याइतके प्रभावीपणे क्वचितच कोणी सिद्ध केले असेल.

मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबारमधील स्टोनटाउन येथे, पारशी कुटुंबात. घराणे मूळचे गुजरातेतील बलसाडचे. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. वयाच्या आठव्या वर्षी त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. ‘फ्रेडी’ हे नाव आणि पियानोचे शिक्षण त्याला तेथेच मिळाले. वर्गमित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवी. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पण १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबाला देश सोडून लंडनजवळच्या फेल्टम येथे स्थायिक व्हावे लागले. ईलिंग येथील कलामहाविद्यालयातून १९६९ मध्ये त्याने ग्राफिक कला व संकल्पन या विषयांची पदविका घेतली.

१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली; बास गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये सामील झाला. बँडचे नाव फ्रेडीनेच सुचविले आणि सभासदांच्या राशींची चिन्हे गुंफून बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. मर्क्युरी हे आडनावही त्याने याच सुमारास घेतले. पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. ‘किलर क्वीन’ (१९७४) या गीताने बँडला ब्रिटनबाहेरही ओळख मिळवून दिली.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) ही त्याची सर्वांत धाडसी रचना. सुमारे सहा मिनिटांच्या या गीताला रूढ अर्थाचे ध्रुवपद नाही. संथ पियानोगीत, ऑपेराच्या धर्तीचे समूहगान आणि कडक रॉक असे भाग त्यात एकापाठोपाठ येतात. समूहगानातील भव्यता मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांच्याच आवाजांची पुनःपुन्हा केलेली ध्वनिमुद्रणे एकमेकांवर चढवून साधली आहे. हे गीत ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे अग्रस्थानी राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा तेथे पोहोचले. ‘समबडी टू लव्ह’मध्ये (१९७६) गॉस्पेल गायनाची धाटणी आहे, ‘वी आर द चॅम्पियन्स’ (१९७७) प्रेक्षकांनी एकमुखाने गावे या हेतूने रचले आहे, तर ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ (१९७९) १९५० च्या दशकातील रॉक अँड रोलच्या वळणाचे आहे. एका शैलीत अडकून न राहणे हाच त्याच्या रचनांचा स्वभाव होय.

वेशभूषेचा विचार तो संगीताइतक्याच गांभीर्याने करी. झँड्रा ऱ्होड्स यांनी शिवलेला पंखांसारखा पांढरा चुणीदार झगा, विदूषकी चौकड्यांचा अंगाला चिकटलेला पोशाख, १९८० नंतरच्या भरघोस मिशा, १९८६ च्या दौऱ्यातील पिवळे जाकीट, मुकुट आणि राजवस्त्र ही सारी रूपे लोकांच्या स्मरणात आहेत. मायक्रोफोनचा बुंध्याविना अर्धाच दांडा तो कधी तलवारीसारखा, कधी गिटारसारखा फिरवी. १९७९ मध्ये तो लंडनमध्ये रॉयल बॅलेच्या नर्तकांसह नाचला. ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या (१९८४) चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेश घेतला, ब्रिटनने ती गंमत आनंदाने स्वीकारली, अमेरिकेत मात्र तिच्यावर नाराजी व्यक्त झाली.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमात ‘क्वीन’ला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. तेवढ्यात मर्क्युरीने नुसत्या आलापांची सवालजबाबी करून सबंध स्टेडियम गाते केले. रॉकच्या इतिहासातील सर्वोत्तम सादरीकरणांत त्याची गणना होते. त्याचा स्वतंत्र अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ त्याच वर्षी निघाला. स्पॅनिश ऑपेरागायिका माँतसेरात काबाये हिच्यासह केलेला ‘बार्सेलोना’ (१९८८) हा अल्बम त्याच्या ऑपेराप्रेमाची परिपूर्ती ठरला.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे तो ‘क्वीन’सह अखेरचा रंगमंचावर गायला. एड्सने शरीर खंगत असतानाही त्याने ध्वनिमुद्रण थांबविले नाही. ‘इन्युएंडो’ (१९९१) हा अल्बम त्याच काळातला. आजाराची जाहीर कबुली दिल्यानंतर दुसऱ्याच दिवशी लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. एड्सग्रस्तांकडे तिरस्काराने पाहिले जाण्याच्या त्या काळात एवढ्या लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूने या आजाराची चर्चा घराघरांत पोहोचविली. २० एप्रिल १९९२ च्या वेम्ब्लीवरील स्मृतिसंगीतसभेनंतर एड्सविरोधी कार्यासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने गाऊन ठेवलेल्या अखेरच्या गीतांसह ‘मेड इन हेवन’ हा अल्बम १९९५ मध्ये निघाला. त्याच्या जीवनावरील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) या चित्रपटातील भूमिकेसाठी रामी मालेक याला ऑस्कर मिळाले.

झगमगाट म्हणजे उथळपणा, हा समज मर्क्युरीने खोटा ठरविला. चित्रकाराची नजर, पियानोवर घोटलेली स्वररचना आणि कित्येक सप्तकांत लीलया फिरणारा आवाज यांच्या मेहनती मेळातून त्याचा डामडौल उभा राहिला. म्हणूनच वेश आणि चित्रफिती बाजूला ठेवून केवळ ऐकली, तरी त्याची गीते तितकीच भव्य वाटतात.