शपथ, शाप आणि शिवी

मागच्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत दोन मुलांची जुंपली. ‘आईशप्पथ, मी दुसरा मोदक घेतला नाही!’ असे एक म्हणाला. दुसऱ्याने त्याच आईवरून त्याला शिवी हासडली. आम्ही मोठ्यांनी शिवी देणाऱ्याला दटावले आणि शपथ घेणाऱ्याला प्रसाद दिला. मोदक त्यानेच घेतला होता, हे नंतर कळले. तेव्हापासून मनात आले की आपण शिवीला जेवढे भितो, तेवढे खोट्या शपथेला का भीत नाही?

‘शपथ’ आणि ‘शाप’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘शप्’ या एकाच धातूपासून आले. शपथ म्हणजे माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेला शाप : मी खोटा ठरलो तर माझे वाईट होवो. म्हणूनच लहानपणी कोणी गळ्याची शपथ घातली, की ‘सुटली म्हण’ असे आपण काकुळतीने विनवीत असू.

आपल्या उत्तर कोकणात या शापाचा दगडी पुरावा आहे. शिलाहार राजा अपरादित्याचा इ.स. ११८७ चा शिलालेख मुंबईत परळला सापडला. दानाचा मजकूर संस्कृतात, पण शेवटचा शाप मराठीत. हे दान जो मोडील, त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथ देवाचा कोप होवो असे आधी म्हटले आहे, आणि पुढे त्याच्या आईला गाढवावरून अशी शिवी दिली आहे की ती या स्मरणिकेत छापता येणार नाही. अशा दगडांना गद्धेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, खाली स्त्री आणि गाढव. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान टिकावे, हा वरच्या चित्राचा अर्थ. ‘गाळ’ म्हणजे शिवी. आपले गुजराती शेजारी आजही शिवीला ‘गाळ’च म्हणतात. ज्याला धाक घालायचा त्याला समजावे, म्हणूनच शाप लोकभाषेत कोरला असावा असे आम्हांला वाटते. म्हणजे राजाज्ञेच्या रक्षणाला देव आणि शिवी दोघेही उभे होते.

मराठेशाहीत शब्द पक्का करायचा तो बेलभंडाऱ्यावर. बेल शंकराचा, भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. तो उचलून दिलेले वचन मोडणे म्हणजे कुळावर संकट आणणे. शिवरायांनी १६४५ मध्ये रायरेश्वरी स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. वतनाच्या तंट्यात शपथेनेही निकाल लागला नाही, तर दिव्य करावे लागे. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचे. ही न्यायाची रीत क्रूर होती, ती गेली हे बरेच झाले. पण बोललेल्या शब्दाची किंमत तेव्हा अंगावर घ्यावी लागे.

कंपनी सरकारने १८४० च्या कायद्याने गंगाजलावरची आणि कुराणावरची शपथ बंद करून न्यायालयात साधी प्रतिज्ञा आणली. आजचा शपथ अधिनियम १९६९ चा. भारतीय न्याय संहितेत कलम २२९ प्रमाणे न्यायालयीन कामात खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलून लोकांना त्रास दिल्यास कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत. कायद्याच्या लेखी मोठा गुन्हा कोणता, हे यावरून दिसते.

आम्ही सरकारी नोकर. ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो’ असे छापील कागद रोज आमच्या टेबलावर येतात. बहुतेक जण ते न वाचताच सही करतात, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ‘इथे करा सही’ एवढेच म्हणतो. एकदा एका म्हाताऱ्या वारली बाबांनी सगळा मजकूर वाचून दाखवायला लावला, चपला काढून ठेवल्या आणि मग अंगठा दिला. त्या दिवशी आम्ही खजील झालो.

शिवीचेही सगळेच वाईट नाही. शिमग्याला बोंब मारून माणसे मन मोकळे करतात. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. ‘बोरीचा बार’ म्हणतात त्याला. तिथे शिवीला दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, आणि तोंड बाईचे आहे. गद्धेगाळीपासून आजच्या रस्त्यापर्यंत मात्र शिवी बाईवरून दिली जाते, जिचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नसतो. शपथही तिचीच आणि शिवीही तिचीच.

१९६९ च्या त्याच अधिनियमात एक शहाणी तरतूद आहे. बारा वर्षांखालील मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असे न्यायालयाला वाटले तर त्याची साक्ष शपथेविना घेता येते. आमच्या रांध्याच्या मंडपातही यंदा तेच करू या. मुलांना शिवीबद्दल जरूर दटावू, पण शपथ घालायला लावू नये. ‘घेतलास का रे मोदक?’ एवढेच विचारावे, आणि ‘हो’ म्हणाला तर हसून आणखी एक द्यावा.

गणपती बाप्पा मोरया!