गव्हावांचून भरलेलें ताट

प्रभादेवीच्या चाळींत कोंकणांतून आलेल्या गिरणीकामगारांच्या घरीं गव्हाला फारसें स्थान नव्हतें. तांदळाची भाकरी, घावन, नाचणीची थंडगार आंबील आणि सोलकढी ह्यांवर उन्हाळा सुखानें निघे. १९४२ त ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडून तेथला तांदूळ बंद झाला. १९४३ त मुंबईंत शिधावाटप आलें, आणि भातखाऊंच्या पदरीं गहू पडूं लागला.

त्याच युद्धानें हॉलंडच्या पानांतून गहू काढून घेतला. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यांत पाव मिळेना, तेव्हां पोटाच्या जुनाट विकारानें खंगलेलीं मुलें सुधारलीं; पाव परत येतांच तीं पुन्हा खंगलीं. डॉक्टर डिके ह्यांचा गव्हावरील जुना संशय त्यामुळें बळावला. पुढें दोषी ठरलें तें गव्हांतील ग्लुटेन.

आज घरांतल्या एखाद्या मुलास गहू सोसत नाहीं असें कळतांच आम्ही महागडीं परदेशी पिठें शोधतों, आणि आजीची आंबील गरिबाघरची म्हणून विसरतों. सावधगिरी मात्र हवी: बाजारच्या हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ असतें, आणि गव्हाच्याच चक्कींत दळलेली नाचणीही अशा मुलास बाधूं शकते. तेवढें सांभाळलें, तर ताट घरचेंच आहे. त्याला मान देणें तेवढें राहिलें आहे.